दुसरं बोलावणं

"आत्या, शंभर नावं लिही. सुचतील तशी लिही. चुकलं तरी चालतंय," शैला म्हणाली आणि तिनं नवी कोरी वही माझ्या मांडीवर ठेवली.

"शंभरच? मला सगळ्या गावाची येतील."

"मग सगळ्या गावाची लिही. आमच्या कंपनीच्या मॅडम खूश होतील."

मी उंबऱ्यात बसले होते आणि ती माझ्या मागं बसून डोक्याला तेल लावत होती. शैला माझ्या भावाची मुलगी, तालुक्याच्या गावी दिलेली. तेलाची बाटली तिनंच आणली होती. माझ्या डोक्याला दुसऱ्या कुणाचा हात लागून किती वर्षं झाली होती, ते मी आठवत बसले नाही. आठवलं असतं तर पेन्सिल धरवली नसती.

अक्षर मी एकसष्टाव्या वर्षी शिकले. अंगणवाडीत संध्याकाळी म्हाताऱ्या बायकांचा वर्ग भरायचा, तिथं. तोवर अंगठा. शिकून पाच वर्षं झाली होती, पण स्वतःच्या नावापलीकडं काही लिहायची वेळ आली नव्हती. मला कोण पत्र लिहिणार आणि मी कुणाला? शंभर नावं म्हणजे माझ्या आयुष्यातलं पहिलंच मोठं लिखाण.

मी वरच्या आळीपासून सुरुवात केली. नाव आठवावं लागतच नव्हतं. निळं दार आलं की सरूबाई. चिंचेखालचं घर आलं की तानूबाई आणि तिच्या दोन सुना. गिरणीशेजारी रंगू. जशी चालत गेले असते तशी लिहीत गेले. तिन्हीसांजेपर्यंत शंभर झाली.

"आणि फोन नंबर?" शैलानं वही बघून विचारलं.

"नंबर न्हाईत. उंबरे हायत."

ती हसली. मग म्हणाली, "बरं, आता यातल्या ज्या बायका, तू आजारी पडून हाक मारलीस तर धावत येतील, त्यांच्या नावापुढं चांदणी काढ. त्यांच्याकडं पहिलं जायचं असतं."

मी वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बघितली. पुन्हा बघितली. शैलाला वाटलं, मला चांदणी काढता येत नाही. तिनं माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि समासात एक चांदणी काढून दाखवली. "अशी. पाच टोकं."

"कळलं," मी म्हणाले. "पुढच्या खेपेला काढते."

हे तेरा वर्षांपूर्वीचं.

आम्ही न्हाव्याचे. आमच्या गावात पुरुषांचं काम वस्तऱ्याचं, आणि बायकांचं काम बोलावण्याचं. हळद असो, बारसं असो, ओटी भरणं असो, पाटलांपासून कोळ्यांपर्यंत कुणाच्याही घरी कार्य निघालं की सांगावा यायचा, "हौसाला पाठवा." मी सासूनं दिलेला पितळी करंडा घ्यायची आणि दारोदार जाऊन सवाशिणींना कुंकू लावून सांगायची, "अमक्यांच्या घरी जेवायला यायचं." घरटी एक असेल तर तसं सांगायचं. सगळ्या घरादाराला आवतण असेल तर म्हणायचं, "चूलबंद हाय." म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही.

हे झालं सकाळचं बोलावणं. त्याला कुणी येत नसे. आमच्याकडं मानी बाई पहिल्या बोलावण्याला घराबाहेर पडत नाही. पानं मांडायची वेळ झाली की मी पुन्हा तीच सगळी दारं फिरायची, "चला, उठा, पानं वाढल्यात." मग बायका पदर सावरत निघायच्या. त्या दुसऱ्या बोलावण्याशिवाय पाटलांच्या घरची पंगतसुद्धा रिकामी राहिली असती.

सासूनं मला करंडा दिला तेव्हा एकच गोष्ट शिकवली. "आधी भांडी बघ, मग दारं. यजमानीण काय बी सांगू दे. आत जायचं, चुलीवर किती हंडे हायत, किती डाळ भिजली हाय, ते डोळ्यानं बघायचं. घरटी एकाचा स्वैपाक असला आणि तू चूलबंद सांगून बसलीस, तर उपाशी माघारी गेलेली बाई यजमानणीला न्हाय शिव्या देत. ती तुला देती. कारण तिच्या दारात तू उभी हुतीस."

पस्तीस वर्षं मी तसंच केलं.

पंचावन्नाव्या वर्षी मालक गेले. विधवेच्या हातचं कुंकू कोण लावून घेणार? करंडा ट्रंकेत गेला. दोन वर्षं माझी जाऊ फिरली, मग पत्रिका आल्या, मग फोन आले. मूलबाळ नव्हतं. ज्या दारांत माझं पाऊल वाजलं की बायका पळत यायच्या, त्या दारांत जायला मला कारण उरलं नाही. आणि कारणाशिवाय दुसऱ्याच्या दारात जायची सवय मला कधी लागलीच नव्हती. पिठाच्या गिरणीत रंगू तेवढी विचारायची, "जिवंत हायस न्हवं?" मी म्हणायची, "दळण आणलंय म्हंजे असंन." अकरा वर्षं एवढंच बोलणं.

त्यात शैला यायला लागली. दर गुरुवारी. येताना कधी केळी, कधी फरसाण. भाकरी तीच थापायची. रोज सकाळी फोन करायची, "आत्या, उठलीस का? चहा झाला का?" फोनसुद्धा तिनंच दिला होता, बटणांचा. मी पहाटे चारला उठायची आणि सातपर्यंत फोनकडं बघत बसायची.

तिसऱ्या गुरुवारी तिनं कंपनीचं काढलं, ती नावांची वही आणली त्याच दिवशी. विमा, बचत, म्हातारपणाची सोय असं सगळं एकात होतं. नाव लांबलचक इंग्रजी. मला ते तेव्हाही म्हणता येत नव्हतं, आता तर आठवतही नाही. त्या लोकांत कंपनीला 'परिवार' म्हणायचे.

पुढच्या आठवड्यात ती मला तालुक्याला घेऊन गेली. एका मंगल कार्यालयात दोनशे माणसं. व्यासपीठावर अर्चना मॅडम. पस्तिशीतली बाई, निळा कोट, गोड आवाज. तिनं माइकवर विचारलं, "कसे आहात?" आणि दोनशे माणसं ओरडली, "एकदम झकास!" माझ्या शेजारी एक मास्तर बसले होते, त्यांना खोकल्याची उबळ आली होती. तेही खोकत खोकत ओरडले, "झकास!" मला हसू आलं. शैलानं चिमटा काढला.

मग मॅडमनं माझं नाव घेतलं. "आज आपल्यात एक अशी आई आली आहे, जिच्या शब्दावर अख्खं गाव जेवायला उठायचं!" मला वर बोलावलं. सगळी माणसं उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. आणि मॅडमनं ताटातलं कुंकू घेऊन माझ्या कपाळावर टेकवलं.

मी मागं सरले. "अहो, मी विधवा हाय."

"परिवारात असलं काही नसतं, आजी," ती म्हणाली. माइकवर नाही, हळू, माझ्या कानाशी. आणि मला जवळ घेतलं.

खोटं कशाला सांगू? मी रडले. त्या बाईनं पुढं काय काय केलं ते माहीत असूनही, ते एक मी तिच्या पदरात पुण्य म्हणूनच टाकते.

येताना एसटीत शैला म्हणाली, "मॅडम पुढच्या रविवारी आपल्या गावात येणार. समाजमंदिरात मीटिंग. बायका गोळा करायच्या."

"मी काय करू त्यात?"

"तू बोलावणं कर."

"शैले, मला कोण..."

"करंडा कुठाय?"

घरी आल्यावर करंडा तिनंच ट्रंकेतून काढला, चिंच लावून घासला, त्यात नवं कुंकू भरलं. म्हणाली, "चूलबंद सांग. जेवणाचं मॅडम बघतील. तू माझ्यासाठी एवढं कर, आत्या. महिनाअखेर तीस जणी नाही झाल्या ना, तर माझं सगळं पाण्यात जाईल. मी भरलेलं, यांच्या नावावर कर्ज काढलेलं, सगळंच."

"आणि मी न्हाय म्हणाले तर?"

ती खिडकीतून बघत होती. "तर मला दुसरीकडं फिरावं लागेल. मग गुरुवारी यायला जमायचं नाही."

ती रागानं बोलली नव्हती. एसटीची वेळ सांगावी तसं बोलली. ती गेल्यावर मी वही उघडली आणि समासातली ती चांदणी बघत बसले.

रविवारी मी सहालाच निघाले. हातात करंडा आला आणि पाय आपोआप वरच्या आळीला वळले. सरूबाईनं निळं दार उघडलं नि तोंडावर हात ठेवला. "अगं बया! हौसाकाकी! किती दिसांनी!"

"समाजमंदिरात कार्यक्रम हाय. संध्याकाळी पाचला. जेवाण हाय. चूलबंद."

"कुणाचं गं?"

"आमच्या शैलाचं."

मी करंडा पुढं केला आणि थांबले. ती माझ्या मोकळ्या कपाळाकडं क्षणभर बघत राहिली. मग तिनं मान पुढं केली. "लाव की. तुझ्याच हातचं लावून मी ह्या घरात आले."

सगळीच दारं तशी नव्हती. एकीनं कुंकू माझ्याकडून न घेता स्वतःच्या बोटानं उचललं. एकीची सून आतून म्हणाली, "हे काय नवीन?" पण साठ-पासष्ट उंबरे झाले आणि एकीनंही कार्यक्रम कसला ते विचारलं नाही. रंगू तेवढी गिरणीचा पट्टा सोडून बाहेर आली. "जेवायला काय?"

"असंल काय तरी."

"काय तरी?" ती म्हणाली. "तू बोलावणं करतीस आणि काय तरी? म्हातारी झालीस तू हौसा." आणि कपाळ पुढं केलं, पीठ लागलेलं.

तिथंच मला कळायला हवं होतं. पण माझे पाय जमिनीवर नव्हते.

खालच्या आळीच्या टोकाला द्वारकेचं घर. द्वारका माझ्याच वयाची. सव्विसाव्या वर्षी तिचा नवरा विहिरीत गेला. तेव्हापासून तिच्या दारावरून जाताना मी करंडा पदराआड धरायची. तिला दिसू नये म्हणून. एवढी वर्षं माझ्या पावलांचा आवाज तिच्या दाराशी कधी थांबला नव्हता. त्या दिवशी थांबला.

ती शेणी लावत होती. "चुकलीस का वाट?"

"न्हाय. बोलावणं हाय."

"कुणाला?"

"तुला."

तिनं हात धुतले. पुसले. उठून उभी राहिली आणि काय करायचं ते न कळून तशीच उभी राहिली. मी कुंकवात बोट बुडवलं. तिचं कपाळ सुरकुतलेलं, थंड होतं. टिळा वाकडा लागला.

"चूलबंद हाय," मी म्हणाले.

"एकटीचीच चूल," ती म्हणाली. "बंद ठेवीन की."

बाराला घरी आले. पाय दुखत होते, म्हणून पायरीवर बसून करंडा बाजूला ठेवला. आणि करंड्याच्या त्या आवाजानं मला सासूचं बोलणं आठवलं. साठ-पासष्ट दारं फिरून आले, त्यातल्या बहुतेक ठिकाणी चूलबंद सांगून आले आणि मी भांडी बघितलीच नव्हती. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. मला कुणीतरी पुन्हा बोलावणं करायला सांगितलं, या एका आनंदात.

मी तशीच समाजमंदिरात गेले. शैला सतरंजी अंथरत होती. कोपऱ्यात दोन खोकी होती. मी वाकून बघितलं. वेफरच्या पुड्या आणि कागदी कप.

"जेवाण कुठाय?"

"अगं, चहा-वेफर आहे. मॅडम म्हणाल्या, जेवणात वेळ जातो. लोक खातात आणि निघून जातात."

"मी चूलबंद सांगून आले, शैले."

"जाऊ दे गं. एकदा आत आल्या की कोण जेवण विचारतंय."

मी सतरंजीवर बसले. "बरं. ते जेवाण जाऊ दे. दुसऱ्या चुलीचं सांग. आज तीस जणींनी भरले तर ते कुठं जातात?"

"थोडे विम्यात. बाकीचे वाटले जातात. मला, मॅडमना, मॅडमच्या वरच्यांना."

"आणि त्या तीस जणींचं?"

"त्या त्यांच्या तीस आणतील."

"तुझं किती सुटलं आजवर?"

ती सतरंजीची सुरकुती ओढत राहिली.

"शैले."

"अजून काहीच नाही. मी भरलेले तेवढेसुद्धा नाहीत. पण आज झालं की सुटेल."

"म्हंजे पंगतीत आधी बसलेल्यांनी जेवायचं, आणि शिधा मागनं येणाऱ्यांनी आणायचा. आणि सगळ्यात शेवटी जी येईल तिनं?"

"आत्या, मॅडम सांगतात, असं उलटं बोलायचं नसतं. त्यानं मन खचतं."

"गावात उंबरे तीनशे हायत. तीस जणींनी तीस तीस कुठनं आणायच्या? मी मोजलेत, बाई. जन्मभर तेच मोजलेत."

ती एकदम खाली बसली आणि माझे दोन्ही हात धरले. तिच्या हातात काचेच्या बांगड्या होत्या. सोन्याच्या दोन असायच्या, त्या नव्हत्या. "मला कळतंय गं," ती म्हणाली. "मला कळत नाही का? पण मी आत बसलीय ना. मला बाहेर कोण काढणार? तुझ्या शब्दावर या बायका येतील. एवढ्या वेळी. फक्त एवढ्या वेळी."

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि घरी आले.

चारला माझी निघायची वेळ. मॅडमची पांढरी गाडी आलेली माझ्या दारातून दिसली. पडदा लागला, माइकची खरखर ऐकू आली, "हॅलो, हॅलो, चेक." मी पायरीवर बसले होते. करंडा मांडीवर. सव्वाचार झाले. साडेचार. घराघरांत बायका वेण्या घालून, लुगडी बदलून बसल्या असतील, हे मला डोळ्यांपुढं दिसत होतं. मी उठले की गाव उठणार होतं. मी नाही उठले तर कुणी उठणार नव्हतं. तसं बसून राहण्याएवढं जड काम मी कधी केलं नाही.

पाच वाजून गेल्यावर शैला धावत आली. मागं मॅडम.

"आत्या! कुणीच आलं नाही. एकसुद्धा नाही. तू सांगितलं नव्हतंस?"

"सकाळी सांगितलं."

"मग?"

"दुसऱ्यांदा न्हाय सांगितलं."

मॅडमना काही कळलं नाही. "आजी, म्हणजे अजून एक राउंड मारायचा आहे का? चला ना, माझी गाडी घेऊ. पटकन होईल."

पण शैलाला कळलं. तिच्या आईनंही हेच काम केलं होतं. ती माझ्याकडं बघत राहिली. "मुद्दाम?"

"तू चूल दाखव, मी आत्ता उठते. अजून वेळ गेली न्हाय."

"आजी," मॅडम माझ्याजवळ खाली बसली. आवाज तसाच गोड. "तुम्हाला या बायकांचं भलं नको आहे का? आणि शैलाताईंचं? एवढी माया करते ती तुमच्यावर. तिच्याशिवाय आहे कोण तुम्हाला?"

"कुणी न्हाय," मी म्हणाले. "म्हणून तर बसलीय."

मॅडम उठली, कोटाची धूळ झटकली आणि गाडीकडं गेली. शैला उभीच होती.

"तू नको जाऊ," मी तिला म्हणाले. "इथं ऱ्हा. भाकरी करू. मग बघू काय करायचं ते."

"काय बघणार आत्या तू? तुझ्याकडं हाय काय?" ती म्हणाली. तिची भाषा पुन्हा माहेरची झाली होती. "अकरा वर्षं तुला कुणी विचारत नव्हतं. मी विचारलं. आणि तू मलाच..."

मी तिला सांगायला हवं होतं की पहाटे चारपासून मी तिच्या फोनची वाट बघते. नाही सांगितलं. ती गेली. गाडी वळताना तिचं तोंड दिसलं नाही.

अंधार पडायला लागला तेव्हा आळीतून कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायला लागल्या. एक, मग दुसरी, मग सगळीकडून. छपरांतून धूर निघाला. त्या दिवशी गावातल्या चुली उशिरा पेटल्या आणि प्रत्येक चुलीपाशी माझं नाव निघालं असणार. रंगू दारावरून गेली, थांबली नाही, पण ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली, "पस्तीस वर्षांत एक बाई उपाशी न्हाय गेली, म्हणं!"

मग मला द्वारका आठवली.

ती उंबऱ्यावर बसली होती. अंगावर इस्त्रीचं पातळ, पायात चपला घातलेल्या. घरात दिवा नाही, चूल नाही. कपाळावर वाकडा टिळा तसाच.

"झाली का पानं?" तिनं विचारलं.

"द्वारके, पंगतच न्हाय."

"मग मला कशाला बोलावलंस?"

इतर बायकांपुढं माझी मान खाली गेली ती वेगळी, हिच्यापुढं गेली ती वेगळी. चाळीस वर्षांत एकदा तिच्या दाराशी थांबले, तेही खोट्या पंगतीसाठी.

"हे पुसू का ठिवू?" तिनं कपाळाकडं बोट केलं.

"ठिव," मी म्हणाले. "आणि चल. मी पिठलं टाकते."

"हे पहिलं बोलावणं का दुसरं?"

"दुसरं."

ती उठली. चपला घातलेल्याच होत्या.

गावानं सहा महिने मला बोल लावला. मग शेजारच्या गावांत बऱ्याच बायकांचं बुडालं, कंपनीचं तालुक्याचं ऑफिस एका रात्रीत रिकामं झालं आणि गावाचा राग निवला. रंगू गिरणीत म्हणाली, "त्या दिवशी भात तरी घालायचा हुतास, येडे." त्यात माफी होती.

शैलाचा फोन पुन्हा आला नाही. तिच्या नवऱ्यानं घर विकलं आणि ते सांगलीकडं गेले, असं भावाकडून कळलं. भाऊ म्हणाला, तुझं नाव काढलं की ती उठून आत जाते. तिनं दिलेला फोन मी तिसऱ्या वर्षापर्यंत चार्ज करून ठेवायची. मग त्याचं बटण गेलं.

द्वारका दहा वर्षं रोज संध्याकाळी येत राहिली. आम्ही फार बोलायचो असं नाही. ती गेली त्याला आता तीन वर्षं झाली. तिच्या शेवटच्या दिवाळीत मी तिला सांगितलं की मी शैलाला पत्र लिहिलं होतं. स्वतःच्या हातानं, भावाकडून पत्ता घेऊन. एकच ओळ: सुट्टीत ये, चूलबंद. उत्तर आलं नाही.

"कितव्यांदा लिवलंस?" द्वारकेनं विचारलं.

"एकदाच."

ती भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून माझ्याकडं बघत राहिली. "न्हावीण ना गं तू? पहिल्या बोलावण्याला कोण येतं?"

ती वही अजून आहे. शंभरातली निम्मी नावं आता गावात नाहीत. समासातली चांदणी पुसट झाली आहे, पण पाची टोकं दिसतात. आज सकाळी मी डाळ भिजत घातली, मोठं पातेलं घासून चुलीशेजारी ठेवलं. मग त्याच वहीतलं कोरं पान फाडलं आणि लिहायला बसले.

शैले, ऊठ. पानं वाढली आहेत.